कुत्रा, काळीज आणि सोयीचे विज्ञान

गेल्या वर्षी रमजान ईदनंतर आठवड्याभरातच अब्बांना हार्ट अ‍ॅटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकला आणि पाचव्या दिवशी ते घरी आले. त्याच संध्याकाळी आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मामूंच्या मुलाने पुण्याहून एका इंग्रजी बातमीची लिंक टाकली. मथळ्याचा मतितार्थ असा की, हार्ट अ‍ॅटॅकनंतर जास्त जगायचे असेल तर कुत्रा पाळा. खाली त्याने लिहिले होते, "फुफांसाठी एक लॅब्राडोर घेऊया. पैसे मी देतो."

दहा मिनिटांत चाचांचे उत्तर हजर. तेही फॉरवर्डच होते. कुत्र्याच्या लाळेत किती प्रकारचे जंतू असतात याची यादी आणि शेवटी ठरलेले वाक्य, 'सायन्स आज जे सांगत आहे ते इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितले.' मग काय विचारता! एक बाजू म्हणे, तुम्ही अजून जुन्याच जमान्यात आहात. दुसरी म्हणे, पुण्यात चार पैसे कमावले म्हणून दीन विसरलास. ज्यांच्या हृदयाचा प्रश्न होता ते अब्बा पलंगावर पडल्या पडल्या हे सगळे वाचत होते. शेवटी अम्मीने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि मला म्हणाली, "कुत्ते कू कौन फिराता? उससे बेहतर, तू तेरे अब्बा कू फिरा."

अम्मी चौथीपर्यंत शिकलेली आहे. पण या विषयावर गेली चाळीस वर्षे जे संशोधन झाले, त्यातला कळीचा प्रश्न तिने एका वाक्यात विचारला असे मला आज वाटते. म्हणून हा लेख. मला मामूंच्या मुलाशीही भांडायचे आहे आणि चाचांशीही. कारण दोघेही विज्ञानाचे नाव घेत होते आणि दोघांनीही विज्ञान वाचलेले नव्हते.

आकडे खरे आहेत, अर्थ खोटा आहे

आधी मामूंच्या मुलाची बाजू प्रामाणिकपणे मांडू. ती बातमी बनावट नव्हती. कुत्रा आणि हृदय यांचा संबंध दाखवणारी संशोधने आहेत आणि ती नामांकित नियतकालिकांत छापून आली आहेत.

या कथेची सुरुवात १९८० साली अमेरिकेत झाली. एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या विभागातून घरी गेलेल्या ९२ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला. ज्यांच्या घरी पाळीव प्राणी होता अशा ५३ जणांपैकी ३ दगावले. ज्यांच्याकडे नव्हता अशा ३९ पैकी ११ दगावले. फरक डोळ्यांत भरणारा होता. गंमत म्हणजे कुत्रेवाले वगळले तरी हा फरक कायम राहिला. म्हणजे त्या वेळी श्रेय एकट्या कुत्र्याचे नव्हतेच. १९९५ साली फ्रीडमन यांनीच आणखी ३६९ रुग्ण तपासले. कुत्रा असलेल्या ८७ पैकी १ मृत्यू, नसलेल्या २८२ पैकी १९. या वेळी मात्र कुत्रा जिंकला आणि मांजरीला काही श्रेय मिळाले नाही.

मग आला स्वीडनचा मोठा अभ्यास. त्या देशात २००१ पासून प्रत्येक कुत्र्याची सरकारदरबारी नोंद सक्तीची आहे. नागरिकांच्या आजारपणाच्या आणि मृत्यूच्या नोंदीही चोख असतात. उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी या नोंदी एकमेकींना जोडल्या आणि ४० ते ८० वयाच्या सुमारे ३४ लाख लोकांचा १२ वर्षांपर्यंतचा हिशोब २०१७ मध्ये मांडला. एकट्या राहणाऱ्या माणसाकडे कुत्रा असेल तर मृत्यूचा धोका ३३ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका ३६ टक्क्यांनी कमी आढळला. भरलेल्या घरात हेच प्रमाण ११ आणि १५ टक्के होते. २०१९ मध्ये दहा अभ्यासांची बेरीज करणारा एक लेख आला. त्यात कुत्रा पाळणाऱ्यांचा मृत्यूचा धोका २४ टक्क्यांनी कमी असल्याचे म्हटले होते. आमच्या ग्रुपवर आलेली बातमी याच घराण्यातली.

आता दुसरी बाजू. ती कुठल्याच मथळ्यात येत नाही.

२०१० साली ऑस्ट्रेलियात हृदयाच्या झटक्यानंतरच्या ४२४ रुग्णांचा अभ्यास झाला. तिथे निकाल उलटा लागला. पाळीव प्राणी असलेल्यांमध्येच मृत्यू किंवा पुन्हा इस्पितळात दाखल होण्याचे प्रमाण जास्त निघाले. स्वीडनच्या त्याच गाजलेल्या अभ्यासात जुळ्यांच्या नोंदवहीतल्या सुमारे ३४ हजार लोकांची वेगळी तपासणी आहे. या लोकांच्या राहणीमानाची, सवयींची माहिती उपलब्ध होती. त्या गटात कुत्र्याचा फायदा दिसून आला नाही. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, फायदा केवळ राहणीमानामुळे भासतो असेही तिथे सिद्ध झाले नाही. आणि त्या २४ टक्क्यांच्या बेरजेवर २०२० मध्ये सिडनीच्या अ‍ॅड्रियन बॉमन यांच्या गटाने पुन्हा हात फिरवला. वय, उत्पन्न, धूम्रपान, आधीचे आजार अशा गोष्टी हिशोबात धरल्यावर कुत्र्याने आयुष्य वाढते हा दावा टिकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने तर २०१३ मध्येच आपले म्हणणे मांडले होते. कुत्रा पाळल्याने हृदयविकाराचा धोका कमी होत असण्याची शक्यता आहे, असे त्यात सावधपणे म्हटले आहे. पण त्याच निवेदनात पुढे स्पष्ट सांगितले आहे की, हृदयविकाराचा धोका कमी करणे या मुख्य हेतूने कुणी प्राणी विकत किंवा दत्तक घेऊ नये. पहिले वाक्य जगभर फिरले, दुसरे तिथेच राहिले. पहिल्या वाक्यावर कुत्र्याचे खाद्य विकता येते. दुसऱ्या वाक्यावर काय विकणार?

कुत्रा कोण पाळतो?

इथेच अम्मीचा प्रश्न येतो. या सगळ्या अभ्यासांनी 'कुत्रा असलेले घर' आणि 'कुत्रा नसलेले घर' यांची तुलना केली. पण ही दोन घरे फक्त कुत्र्यानेच वेगळी आहेत का?

जो माणूस आजारी आहे, ज्याला जिना उतरताना धाप लागते, तो कुत्रा घेत नाही. असलेला कुत्राही कुणाला तरी देऊन टाकतो. म्हणजे कुत्र्यामुळे माणूस धडधाकट राहिला, की धडधाकट होता म्हणून कुत्रा पाळू शकला? अमेरिकेतल्या रँड या संस्थेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या घरांची पाहणी तपासली. प्राणी पाळणारे लोक मुळातच वेगळे निघाले. त्यांच्यात स्वतःचे घर असलेले जास्त, विवाहित जास्त, गोरे जास्त. त्यांनीच मुलांच्या बाबतीत पाहिले तेव्हा प्राणी असलेल्या घरांतली मुले आधी जास्त निरोगी दिसली. पण घराची परिस्थिती हिशोबात धरल्यावर तो फरक विरघळून गेला.

आपल्याकडे हे समजायला संशोधन तरी कशाला हवे? लॅब्राडोर कुणाच्या घरी असतो ते डोळ्यांनी दिसते. ज्याच्याकडे जागा आहे, वेळ आहे, डॉक्टरला द्यायला पैसे आहेत, त्याच्याकडे. त्याच्याकडे स्वतःच्या हृदयाच्या तपासणीलाही पैसे असतात. पुण्याच्या चांगल्या सोसायट्यांमध्ये सकाळी जाऊन पाहा. एक पगारी मुलगा तीन-तीन पट्टे हातात धरून तीन कुत्री फिरवत असतो. मालक घरात झोपलेले असतात. या हिशोबाने हृदय कुणाचे सुधारायला हवे?

एक अनुभव सांगतो. मी नोकरीसाठी पुण्यात होतो तेव्हा भाड्याने घर शोधत एका सोसायटीत गेलो. दलालाने फ्लॅट दाखवला, भाडे ठरले. खालच्या बागेत कुत्र्यांना फिरवायची वेगळी जागा होती, तसा फलकही होता. मग सेक्रेटरींनी माझे नाव विचारले. दुसऱ्या दिवशी दलालाचा फोन आला, "मालकांचा विचार बदलला." असे मी पाच ठिकाणी ऐकले. शेवटी जिथे आपल्या लोकांना घर मिळते तिथेच मिळाले. तिथे ना फूटपाथ होता, ना बाग.

कुत्र्याचा मला राग नाही. त्या सोसायटीतल्या कुत्र्याने माझे काही वाकडे केले नव्हते. पण पुढे कुणी मला सांगितले की त्या सोसायटीतल्या कुत्रेवाल्यांची हृदये आमच्या गल्लीतल्या लोकांपेक्षा चांगली आहेत, तर मी विचारेन, श्रेय कुत्र्याचे की त्या बागेचे?

अशी फसगत पूर्वीही झाली आहे. पाळी गेल्यानंतर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो असे अनेक निरीक्षणांतून दिसत होते. लाखो स्त्रियांना त्या गोळ्या दिल्या गेल्या. मग अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवर रीतसर प्रयोग झाला. कुणाला गोळी द्यायची आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले गेले. २००२ मध्ये तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. गोळ्यांनी हृदयाचे रक्षण होत नव्हते, उलट धोका थोडा वाढत होता. आधी जो फायदा दिसला होता त्याचे एक मोठे कारण असे की, त्या गोळ्या घेणाऱ्या बायका मुळातच सुस्थितीतल्या आणि प्रकृतीला जपणाऱ्या होत्या.

कुत्र्याबाबत असा मोठा प्रयोग झालेला नाही. अमेरिकेत कॅरन अ‍ॅलन यांनी एक छोटा केला, तो २००१ मध्ये छापून आला. रक्तदाब असलेल्या ४८ शेअर दलालांना औषध सुरू केले आणि त्यांतल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून कुत्रा किंवा मांजर पाळायला लावले. सहा महिन्यांनंतर तणावाच्या प्रसंगी त्यांचा रक्तदाब कमी उसळत होता. ही चांगली गोष्ट आहे, नाकारण्याचे कारण नाही. पण एरवीचा रक्तदाब खाली आणला तो औषधाने. तिथे प्राण्याने जास्तीची काही भर घातली नाही. ४८ माणसे, सहा महिने आणि हार्ट अ‍ॅटॅक टळला की नाही याचे उत्तर त्यात नाही. एवढ्या शिदोरीवर अब्बांच्या उशाशी लॅब्राडोर बांधायचा?

आता चाचांशी दोन शब्द

चाचा इथवर वाचून खूश झाले असतील. त्यांनी होऊ नये.

कुत्र्याने हृदय सुधारते हे सिद्ध झालेले नाही, याचा अर्थ कुत्रा वाईट असल्याचे विज्ञानाने सिद्ध केले असा होत नाही. आपल्या दीनमध्ये कुत्र्याविषयी जे आहे ते लाळेतल्या जंतूंच्या यादीवर उभे नाही आणि त्याला त्या यादीची गरजही नाही. विनाकारण घरात कुत्रा ठेवू नये, शिकार, जनावरांची राखण, शेती यांसाठी ठेवावा, ही हदीस सर्वांना ठाऊक आहे. पण तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला अल्लाहने माफ केल्याची हदीसही बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ती फॉरवर्ड का होत नाही? सूरह कहफमधल्या गुहेत झोपलेल्या तरुणांच्या उंबऱ्याशी कुत्रा आहे. सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावरांनी पकडलेली शिकार हलाल ठरवली आहे. फिकहमध्येही एकमत नाही. कोकणातले आपले शाफई भाऊ कुत्र्याला पूर्ण नापाक मानतात आणि त्याने तोंड लावलेले भांडे सात वेळा धुतात. घाटावरचे आम्ही हनफी लाळेपुरते नापाक मानतो. मालिकी मसलक तर जिवंत कुत्र्याला पाकच समजते. हे सगळे इमाम जंतूंवर भांडत नव्हते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, तुम्ही कुत्रा पाळत नसाल तर 'माझा दीन, माझी मर्जी' म्हणा आणि ताठ मानेने सांगा. त्यासाठी अर्धवट विज्ञानाची कुबडी घेऊ नका. आज सायन्स तुमच्या बाजूने आहे म्हणाल, तर उद्या नवा अभ्यास विरुद्ध गेल्यावर काय करणार? आणि राहिली गोष्ट आरोग्याची, तर चाचा, तुम्ही कुत्र्याच्या लाळेवर तो मेसेज पाठवला तेव्हा तुमच्या गालात गुटख्याची पुडी होती. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तो तुम्हाला मिळतो कुठून, हे मी ग्रुपवर विचारले नाही. इथे विचारतो.

कुत्र्याचा आपल्या मोहल्ल्यातला खरा आरोग्याचा प्रश्न वेगळा आहे, तो चाव्याचा आणि रेबीजचा. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणांत कारण कुत्रा असतो. चावा झाल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवायची आणि लगेच लस घ्यायची, हे सांगणारा एक तरी मेसेज आपल्या ग्रुपवर आला होता का? जखमेला चटणी-हळद लावणारे मात्र अजून आहेत.

हृदयाला काय हवे आहे

सलीम यूसुफ हे नाव आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे. केरळात जन्मलेले, बंगळुरूत डॉक्टर झालेले आणि कॅनडात काम करणारे हे हृदयरोगतज्ज्ञ. त्यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेला इंटरहार्ट हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. जगभरातल्या पहिल्या हार्ट अ‍ॅटॅकच्या धोक्याचा ९० टक्के किंवा त्याहून जास्त भाग नऊ गोष्टींत सामावतो, असे त्यात आढळले. तंबाखू-धूम्रपान, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, सुटलेले पोट, मानसिक ताण, फळे-भाज्या कमी खाणे, दारू आणि बैठेपणा. दारूच्या बाबतीत मात्र बेताचे पिणारे तिथे सुरक्षित दिसले होते. तेही कुत्र्यासारखेच निरीक्षण. त्यावरून कुणी अब्बांना पेला भरून देणार आहे का? याच अभ्यासात हेही दिसले की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येतो.

या यादीत कुत्रा नाही. कुत्र्याचा काही उपयोग होत असेलच तर तो दोन दारांनी होतो. एक, तो माणसाला रोज घराबाहेर काढतो. कुत्रा पाळणारे जास्त चालतात हे इंग्लंडमध्ये, लिव्हरपूलजवळच्या एका वस्तीत मोजले गेले आहे आणि ते पटण्यासारखे आहे. दोन, तो एकटेपणा कमी करतो. स्वीडनमध्येही सर्वाधिक फायदा दिसला तो एकट्या राहणाऱ्यांना. म्हणजे औषध आहे चालणे आणि सोबत. कुत्रा हे फार तर त्या औषधाचे वेष्टन. ज्याला ते आवडते त्याने जरूर घ्यावे. पण औषध त्याच्याशिवायही मिळते, हे का लपवायचे?

मिळते म्हणालो खरे, पण सगळ्यांना मिळते का? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चाला. कुठे चालायचे? सोलापुरात आमच्या गल्लीत गटार उघडे आहे, दुचाक्या अंगावर येतात, उन्हाळ्यात सकाळी आठनंतर ऊन भाजते. अब्बा तरी फजरनंतर मशिदीतून परस्पर किल्ल्याकडे जाऊ शकतात. अम्मीचे काय? तिलाही रक्तदाब आहे. पंचावन्न वर्षांची बाई संध्याकाळी एकटी फिरायला निघाली तर चार घरांतून विचारणा होते, "खैरियत? कहाँ निकले?" ही अडचण महापालिकेने केलेली नाही. ती आपण केली आहे. मशिदीच्या कमिटीला, तन्जीमला, मोहल्ल्यातल्या तरुणांना बायकांसाठी सकाळचा एक तास आणि एक मैदान ठरवता येणार नाही का? वलीम्याला पाचशे माणसांची बिर्याणी ठरवता येते, मग हेही येईल.

आणि महापालिकेलाही सोडू नका. नगरसेवक मते मागायला येतो तेव्हा कमानी मागता, शादीखाना मागता. फूटपाथ मागा. बाग मागा. दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर संपता कामा नयेत, हे मागा.

अब्बांच्या बाबतीत सांगायचे तर आम्ही कुत्रा आणला नाही. विडी सुटली. गोळ्या वेळेवर सुरू आहेत. डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून आधी मी आणि आता अम्मी त्यांच्यासोबत रोज पाऊण तास चालते. अब्बांमुळे तिचेही चालणे सुरू झाले, सोबत नवरा असल्यामुळे कुणी काही विचारत नाही. दोघांचाही रक्तदाब आटोक्यात आहे. हे गोळ्यांनी झाले की चालण्याने, ते मी सांगू शकत नाही. दोन माणसांवरून सिद्धांत मांडायचा नसतो, हाच तर या लेखाचा मुद्दा आहे.

मामूंच्या मुलाने गेल्या महिन्यात स्वतःसाठी रस्त्यावरचे एक पिल्लू घरी आणले. चाचांनी त्याच्याशी बोलणे टाकले आहे. मी त्याला फोन करून एवढेच विचारले, "त्याला कोण फिरवते?" म्हणाला, "मीच." मग ठीक आहे म्हटले. त्या पिल्लावर माया कर, त्याला रेबीजची लस दे, पाणी पाज. त्याचे सवाब तुला मिळेल. पण आपले हृदय त्याच्या गळ्यात बांधू नकोस. ते बिचारे मुके जनावर आहे, त्याला कार्डिओलॉजिस्ट करू नकोस.

पुन्हा असा मेसेज येईल. कुत्र्याचा नसेल तर कलौंजीचा, उंटाच्या दुधाचा, गोमूत्राचा येईल. तेव्हा पुढे ढकलण्याआधी तीन प्रश्न विचारा. तुलना कुणाची कुणाशी केली? ती माणसे आधीपासूनच वेगळी होती का? आणि हे खरे ठरल्याने कुणाचा फायदा होतो? उत्तरे मिळाली नाहीत तर फोन खाली ठेवा, चपला घाला आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फिरवून आणा.